कॅमेरा कोणाच्या हाती, हा प्रश्न अपुरा आहे

‘आम्ही त्यांच्या हाती कॅमेरा दिला’ हे वाक्य अलीकडे चर्चासत्रांतील निबंधांत, प्रकल्प-अहवालांत आणि लघुप्रबंधांच्या प्रास्ताविकांत वारंवार भेटू लागले आहे. पूर्वीचे छायाचित्रकार वस्तीत येत, चित्रे काढत आणि निघून जात. आम्ही मात्र वस्तीलाच चित्रे काढू दिली, असा त्याचा आशय असतो. अशा कामाला ‘सहयोगी’ हे विशेषण लागते. जोडीला ध्वनिमुद्रण आणि चलच्चित्र असले की ‘बहुमाध्यम’ हेही लागते. ह्या दोन विशेषणांच्या आड मूळ प्रश्न मग सुखाने झोपी जातो. आपण भाषेचे अध्यापक आणि विद्यार्थी. वाक्य सोडवून पाहणे हा आपला व्यवसायच आहे. तेव्हा ह्या वाक्याचे व्याकरण आधी पाहू. कर्ता ‘आम्ही’, कर्म ‘कॅमेरा’, क्रियापद देण्याचे. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ते षष्ठी विभक्तीत, हाताच्या विशेषणापुरते उरले आहेत.

हे शब्दच्छल नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र-प्रकल्प आणि समुदाय-सहभाग ह्यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. मराठी विभागांचे विद्यार्थीही आता वस्त्यांवर जातात. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यामुळे छायाचित्रे आणि मुलाखती ह्यांचा ढीग दोन दिवसांत जमतो. ह्या ढिगाचे पुढे काय होते, त्यातील माणसांना त्याची प्रत मिळते का, चित्राखालचा मजकूर कोण लिहितो, हे मूल्यमापनाच्या तक्त्यात विचारलेले आम्ही तरी पाहिलेले नाही. ‘सहयोगी’ हा शब्द आपण कोणत्या अर्थाने वापरणार, हे ठरवण्याची वेळ म्हणूनच आली आहे.

त्यासाठी आम्ही एक उदाहरण निवडले आहे : अमेरिकेतील ॲपलेशिया पर्वतराजीतील, विशेषतः पूर्व केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनिया येथील कोळसा-खाणींच्या वस्त्यांचे. जगातील फार थोड्या श्रमिक वस्त्यांची इतकी छायाचित्रे काढली गेली असतील. सरकारने काढली, मासिकांनी काढली, दूरचित्रवाणीने काढली, बाहेरून आलेल्या कलावंतांनी काढली आणि शेवटी तिथल्या माणसांनी स्वतःही काढली. ‘सहयोग’ ह्या शब्दाची परीक्षा घ्यायची तर ह्याहून चांगली जागा सापडणे कठीण.

ह्या प्रदेशाच्या इतिहासातील एक कायदेशीर कागद आधी समजून घेतला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी भूखरेदी करणारे दलाल केंटकीच्या डोंगरांत फिरले आणि त्यांनी शेतकऱ्यांकडून अत्यल्प किमतीत जमिनीखालच्या खनिजांचे हक्क विकत घेतले. ह्या करारनाम्यांना ‘ब्रॉड फॉर्म डीड’ म्हणतात. जमिनीचा पृष्ठभाग शेतकऱ्याचा, त्यावरचा करही त्यानेच भरायचा. खालचे खनिज मात्र कंपनीचे, आणि ते काढण्यासाठी जे जे करावे लागेल ते करण्याची मुभाही कंपनीलाच. करारनाम्यावर अंगठा उठवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फार तर एखादे भुयार असेल. पुढे डोंगराचा माथाच खरवडून काढणारी उघडी खाणकामाची यंत्रे आली, आणि नातवंडांच्या काळात त्याच कागदाच्या आधारे शेते आणि परसबागाही उकरल्या गेल्या. केंटकीच्या मतदारांनी १९८८ साली राज्यघटनेत दुरुस्ती करून ह्या कागदाला वेसण घातली.

आमचे म्हणणे असे की, वस्तीचे छायाचित्रण बहुतेक वेळा अशाच करारनाम्यावर चालते. चेहरा ज्याचा त्याच्यापाशी राहतो आणि त्या चेहऱ्याचा जो काही भार सोसायचा तो त्यानेच सोसायचा. चित्रातून निघणारा अर्थ, कीर्ती आणि मोबदला मात्र दुसऱ्याच्या मालकीचा होतो. उत्खनन कोणत्या थरापर्यंत जाईल, हे संमती देणाऱ्याला संमती देताना ठाऊक नसते. आणि उत्खननाचे हत्यार काही काळ त्याच्याच हाती दिले, म्हणून करारनामा बदलत नाही. खाणीत कुदळ नेहमी कामगाराच्याच हाती होती.

१९६४ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन ह्यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पूर्व केंटकीतील आयनेझ ह्या गावी एका बेकार माणसाच्या घराच्या ओसरीवर बसून छायाचित्रे काढून घेतली. जानेवारीत ‘लाइफ’ मासिकाने ह्या खोऱ्यांवर भलेथोरले चित्रवृत्त छापले होते. वर्षअखेरीस नाताळाच्या सुमारास सीबीएस वाहिनीचा कार्यक्रमही आला. हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. मदतीचे ओघही त्यामुळे सुरू झाले. परंतु ह्या साऱ्या चित्रांत एक समान गोष्ट आहे. त्यांत दारिद्र्य दिसते, दारिद्र्याचे कारण दिसत नाही. अनवाणी मूल दिसते, कोसळलेली ओसरी दिसते; खनिजहक्कांचा कागद, यंत्रे आल्यावर कमी झालेले कामगार, दूरच्या शहरांतील भागधारक ह्यांतले काहीच दिसत नाही. कारणे चौकटीबाहेर राहिली की दारिद्र्य हा त्या माणसांचा स्वभाव वाटू लागतो.

ह्याच पार्श्वभूमीवर सप्टेंबर १९६७ मध्ये लेचर परगण्यातील जेरेमाया ह्या गावी एक हत्या झाली. ह्यू ओकॉनर हे कॅनडाचे चित्रपटकार अमेरिकन जीवनावरील एका चित्रपटासाठी आपल्या चमूसह तेथे गेले होते. कामावरून नुकताच परतलेला, अंगावर कोळशाची धूळ असलेला एक खाणकामगार लहान मुलाला घेऊन भाड्याच्या घराच्या ओसरीवर बसला होता. त्याची परवानगी घेऊन चित्रीकरण सुरू होते. इतक्यात घरमालक होबार्ट आयसन पिस्तूल घेऊन आला, त्याने चमूला आपल्या जागेतून निघून जाण्यास फर्मावले, आणि चमू सामानासह निघत असताना ओकॉनर ह्यांना गोळी घातली. स्थानिक सहानुभूती आयसनकडे इतकी होती की खटला शेजारच्या हार्लन परगण्यात हलवावा लागला, आणि तेथेही ज्यूरीचे एकमत झाले नाही. पुढे १९६९ मध्ये त्याने मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. दहा वर्षांची शिक्षा झाली, ती सुमारे वर्षभर भोगून तो सुटला. कॅल्विन ट्रिलिन ह्यांनी त्याच वर्षी ‘न्यू यॉर्कर’मध्ये ह्यावर लिहिले, आणि २००० साली एलिझाबेथ बॅरेट ह्यांनी ‘स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा’ हा अनुबोधपट केला. बॅरेट स्वतः पूर्व केंटकीच्या.

ही घटना आपल्याकडे सांगितली जाते ती ‘शोषित वस्तीचा कॅमेऱ्याविरुद्धचा उद्रेक’ म्हणून. आम्हांला हे वाचन निव्वळ चुकीचे वाटते. परवानगी कोणी दिली होती? खाणकामगाराने. गोळी कोणी घातली? घरमालकाने. ज्याचा चेहरा होता त्याला तो दाखवायला हरकत नव्हती. ज्याची भिंत होती त्याला होती. ‘वस्तीचा सन्मान’ ह्या नावाखाली येथे भाडेकरूचा होकार मालकाच्या नकाराने पुसला गेला, आणि त्यात एका माणसाचा जीव गेला. तेव्हा ‘समुदायाशी सहयोग’ असे म्हणणाऱ्यांना आमचा पहिला प्रश्न आहे : समुदायातील कोणाशी? खाणवस्तीत मालकही राहतो, ठेकेदारही राहतो, मुकादमही राहतो. वस्तीला एकच मुख आहे असे गृहीत धरणारा सहयोग बहुधा ज्याचा आवाज आधीच मोठा आहे त्याच्याशीच होतो.

आता एक उलटे उदाहरण. १९४६ च्या वसंतात अमेरिकेतील कोळसा-कामगारांचा संप चालू असताना सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, आणि मे महिन्यात गृहखात्याचे सचिव ज्युलियस क्रुग आणि संघटनेचे नेते जॉन एल. लुईस ह्यांच्यात करार झाला. अमेरिकेत हे खाते पोलिसांचे नसून जमीन, खनिजे आणि नैसर्गिक संपत्तीचे असते, हे येथे लक्षात ठेवावे. करारात कामगारांसाठी कल्याणनिधी होता आणि खाणवस्त्यांतील आरोग्य, घरे, पाणी, सांडपाणी ह्यांची पाहणी करण्याचे कलमही होते. पाहणीसाठी रसेल ली ह्या छायाचित्रकाराची नेमणूक झाली. ली पूर्वी शेतकऱ्यांच्या दैन्याचे चित्रण करणाऱ्या सरकारी प्रकल्पात काम केलेले, म्हणजे सर्वार्थाने बाहेरचे. त्यांनी कोणाच्याही हाती कॅमेरा दिला नाही. हजारो चित्रे त्यांनी स्वतःच काढली. तरीही आमच्या मते वर सांगितलेल्या साऱ्या नमुन्यांपेक्षा हे काम ‘सहयोगी’ ह्या शब्दाच्या अधिक जवळ जाते.

ह्याची कारणे दोन. पहिले असे की, काय पाहायचे हा प्रश्न छायाचित्रकाराच्या कुतूहलातून आला नव्हता. तो कामगारांच्या मागणीतून, संपाच्या दडपणाखाली झालेल्या करारातून आला होता. नळ कुठे आहे, शौचालय कुठे आहे, दवाखान्यात किती खाटा आहेत, हे ली टिपतात ते कामगारांनी ते विचारले म्हणून. दुसरे कारण चित्राखालच्या मजकुराचे. लींच्या चित्रांखाली माणसाचे नाव, खाणीचे नाव, कंपनीचे नाव, गाव, परगणा आणि दिनांक असतो. ही नोंद साहित्यिक नाही, कोरडी आहे. परंतु त्या कोरडेपणामुळेच चित्र पुरावा बनते. कंपनीचे नाव खाली लिहिले की गळके छत ही नियतीची लीला राहत नाही. कोणाचे तरी छत गळते आहे आणि कोणीतरी ते दुरुस्त करणे लागतो, एवढे सिद्ध होते. पाहणीचा अहवाल १९४७ साली आला. कल्याणनिधीतून १९५६ साली केंटकी, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियात खाणकामगारांची दहा रुग्णालये उघडली. ती छायाचित्रांमुळे उघडली असे आम्ही म्हणत नाही. ती संघटनेमुळे उघडली, आणि पुढे १९६० च्या दशकात निधीला ती झेपेनाशीही झाली. छायाचित्रे त्या लढ्याच्या कागदपत्रांत होती, एवढेच त्यांचे स्थान आणि एवढाच त्यांचा मोठेपणा.

कॅमेरा स्थानिकांच्या हाती आला तो १९६९ मध्ये. त्या वर्षी लेचर परगण्यातल्याच व्हाइट्सबर्ग गावी, दारिद्र्यनिर्मूलनाच्या सरकारी निधीतून तरुणांना चित्रपटाचे तंत्र शिकवणारी एक कार्यशाळा सुरू झाली. तीच आज ‘ॲपलशॉप’ ह्या नावाने ओळखली जाते. योजनेचा हेतू रोजगार-प्रशिक्षणाचा होता : मुलांनी तंत्र शिकावे आणि शहरांत जाऊन नोकऱ्या कराव्यात. त्यांतील काहींनी जाण्याचे नाकारले आणि संस्थाच आपल्या ताब्यात घेतली. हा नकार आम्हांला कॅमेरा मिळण्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पुढे संस्थेने नाटकमंडळी काढली, ध्वनिमुद्रिका काढल्या, १९८५ मध्ये रेडिओ केंद्र सुरू केले. खाणी बंद पडत गेल्या आणि त्या डोंगरांत तुरुंग बांधले गेले, तेव्हा ह्याच केंद्रावरून कैद्यांच्या घरच्यांचे निरोप प्रसारित होऊ लागले. ‘बहुमाध्यम’ म्हणजे चित्रावर पार्श्वसंगीत चढवणे नव्हे, हे ह्यावरून ध्यानात यावे. ज्या माणसापर्यंत चित्र पोचू शकत नाही त्याच्यापर्यंत आवाज पोचवायचा, ह्या गरजेतून माध्यम वाढले.

स्थानिक संस्थेने काय साधले ह्याचा दाखला म्हणून एकच चित्रपट घेऊ. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक येथे कोळसा धुतल्यावर उरणाऱ्या गाळाचे धरण फुटले आणि १२५ माणसे मेली. कंपनीने ही दैवी आपत्ती असल्याचे सांगितले. ॲपलशॉपच्या मिमी पिकरिंग ह्यांनी १९७५ मध्ये जो चित्रपट केला त्याच्या नावातच उत्तर होते : ‘ॲन ॲक्ट ऑफ मॅन’, माणसाचे कृत्य. वाचलेली माणसे, संघटनेची माणसे, अधिकारी ह्या सर्वांना त्यात बोलते केले आहे, पण चित्रपट तटस्थ नाही. सर्व बाजूंना समान अंतरावर उभे राहून खाणवस्तीचे दस्तऐवजीकरण होऊ शकते, ह्या आपल्या विद्यापीठीय समजुतीला हा चित्रपट सरळ छेद देतो. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत त्याची निवड झाली, म्हणजे बाजू घेतल्याने त्याचे दस्तऐवज म्हणून मोल घटले नाही.

ह्याच लेचर परगण्यात १९७० च्या दशकात वेंडी इवाल्ड ही तरुण छायाचित्रकार शाळांतून मुलांना छायाचित्रण शिकवत होती. तिच्या कामाचा उल्लेख ‘मुलांच्या हाती कॅमेरा देण्याचे’ आद्य उदाहरण म्हणून होतो. वस्तुतः मुलांनी कॅमेरे फुकट घेतले नाहीत. थोडे पैसे जमवून विकत घेतले. चित्रे धुण्याची अंधारखोलीही शाळेतच होती आणि मुले आपली चित्रे आपणच धूत. १९८५ मध्ये ‘पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स’ हे पुस्तक निघाले. त्यात खाणकामगारांची आणि शेतकऱ्यांची मुले स्वतःला, घरच्यांना, जनावरांना आणि आपल्या स्वप्नांना चित्रित करतात. एका मुलाने आपल्या मित्राला झाडाच्या दुबेळक्यात निश्चेष्ट पडायला लावून, आपण त्याला मारल्याचे स्वप्न टिपले आहे. १९६४ च्या कोणत्याही पाहुण्याला हे चित्र सुचले नसते. कारण त्या पाहुण्याच्या लेखी तेथील मुलांना भूक होती, स्वप्ने नव्हती.

परंतु येथेही भाबडेपणा नको. ती चित्रे मुलांची. पुस्तकावर नाव इवाल्ड ह्यांचे. निवड आणि मांडणी त्यांची. प्रौढ झालेल्या ह्या मुलांकडे इवाल्ड पुन्हा गेल्या आणि बॅरेट ह्यांच्यासह त्यांनी केलेला त्याच नावाचा अनुबोधपट २०२० मध्ये आला. परत जाणे हे आम्ही ह्या कामाचे खरे मोल मानतो. चाळीस वर्षांनी परत जाऊन ‘तेव्हा तू हे काढलेस, आज तुला काय वाटते’ असे विचारण्याची तयारी ज्याची नाही, त्याने सहयोग हा शब्द जपून वापरावा.

नव्या शतकात हेच प्रश्न महाजालावर आले. वेस्ट व्हर्जिनियातील मॅक्डॉवेल परगण्याची लोकसंख्या १९५० साली ९८,८८७ होती. २०१० साली ती २२,११३ उरली. हा तोच परगणा, जेथे १९४६ मध्ये रसेल ली ह्यांनी चित्रे काढली होती. एलेन मॅकमिलन ह्या राज्यातल्याच दिग्दर्शिकेने २०१३ मध्ये तेथील रहिवाशांसह ‘हॉलो’ हा परस्परसंवादी अनुबोधपट संकेतस्थळाच्या रूपात केला. छायाचित्रे, आकडे, ध्वनी आणि रहिवाशांनी स्वतः चित्रित केलेली दृश्ये त्यात एकत्र येतात. काम मन लावून केलेले आहे आणि त्याला पीबडी पुरस्कारही मिळाला. मात्र अशा प्रत्येक कामाला एक प्रश्न लागू आहे. संकेतस्थळ चालू ठेवायला दरवर्षी पैसे लागतात, तंत्र बदलले की जुनी पाने उघडेनाशी होतात. कागदावरचे छायाचित्र आजीच्या ट्रंकेत शंभर वर्षे टिकते. वस्तीकडे ज्याची प्रत नाही असे बहुमाध्यम काम हे वस्तीचे नव्हेच, ते पाहुण्याने स्वतःजवळ ठेवलेले आहे.

आणि प्रत वस्तीत ठेवण्याची किंमतही मोजावी लागते, हेही सांगितले पाहिजे. जुलै २०२२ मध्ये पूर्व केंटकीत आलेल्या महापुरात ॲपलशॉपच्या इमारतीत पाणी शिरले आणि पन्नास वर्षांच्या संग्रहाची मोठी हानी झाली. चिखलात भिजलेली चित्रफीत वाचवायला कित्येक महिने आणि कित्येक हात लागतात. दूरच्या महानगरातील वातानुकूलित तळघरात ती सुरक्षित राहिली असती, असे कोणी म्हणेल. राहिली असती; आणि तेथे ती पाहायला ह्या खोऱ्यातले किती जण गेले असते?

आमच्या भूमिकेवर दोन आक्षेप येतील. पहिला कलेचा. उत्तम छायाचित्र एका डोळ्याचे असते, समितीने कविता लिहिली जात नाही, तद्वत समितीने चित्र काढले जात नाही, असे म्हटले जाईल. हे आम्हांला अर्धे मान्य आहे. लींचे चित्र लींचेच आहे, आणि त्या अंधारखोलीतल्या मुलाचे चित्र त्या मुलाचेच. आम्ही डोळ्याची वाटणी मागत नाही. डोळ्याने जे टिपले त्याच्या नाव-गावाची, प्रतीची आणि ते मागे घेण्याच्या हक्काची वाटणी मागतो. सेबास्तियाओ सालगादो ह्यांनी १९८९ मध्ये धनबादच्या कोळसा-कामगारांची चित्रे काढली. ती त्यांच्या १९९३ च्या ‘वर्कर्स’ ह्या ग्रंथात आहेत. चित्रे थोर आहेत ह्याबद्दल आमचे दुमत नाही. पण ग्रंथात चित्रांखाली ओळी नाहीत, त्या वेगळ्या पुस्तिकेत आहेत, आणि चित्रांतले चेहरे निनावी आहेत. सालगादोंच्याच स्थलांतरितांवरील चित्रांविषयी सुझन सोंटॅग ह्यांनी २००३ मध्ये असा आक्षेप घेतला होता की, दुर्बळांची नावे न सांगणारे चित्र नकळत नामवंतांच्याच महात्म्याला हातभार लावते. कलेचा आक्षेप घेणाऱ्यांनी ह्याचे उत्तर द्यावे : नाव लिहिल्याने चित्राची रचना कोठे बिघडते?

दुसरा आक्षेप आपल्या परंपरेतून येईल. स्वानुभव आणि सहानुभूती ह्यांचा वाद मराठीत दलित साहित्याच्या निमित्ताने पुष्कळ झाला आहे. त्याचे सार असे की ज्याचे जळते त्यानेच बोलावे. मग त्याच्या हाती कॅमेरा देण्यास तुमचा विरोध का? विरोध नाहीच. परंतु दलित साहित्याचा इतिहास नीट पाहिला तर तो ‘कोणीतरी हाती लेखणी दिली’ असा नाही. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, अण्णा भाऊ साठे ह्यांनी त्याचे उद्घाटन केले. गंगाधर पानतावणे ह्यांच्या ‘अस्मितादर्श’ने लेखक घडवले. लेखणीच्या जोडीला स्वतःचे व्यासपीठ, स्वतःचे नियतकालिक आणि स्वतःचे संपादक होते, म्हणून ते साहित्य दुसऱ्याच्या पुरवणीतला रकाना होऊन राहिले नाही. लेखणीला जसे नियतकालिक, तसा कॅमेऱ्याला संग्रह. पहिली देऊन दुसरा स्वतःकडे ठेवणे ह्याला आपल्या परंपरेतही सहयोग म्हणत नाहीत.

विदर्भातील कोळसा-पट्टा, म्हणजे घुग्घुस, बल्लारपूर, माजरी, वणी, उमरेड, आपल्यापैकी अनेकांच्या महाविद्यालयांपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे. ‘वेकोलि’च्या वसाहतींतली मुले आमच्या वर्गांत बसतात. एका महाविद्यालयात ‘काळे हिरे’ अशा काहीशा नावाचे छायाचित्र-प्रदर्शन आमच्यापैकी दोघांनी पाहिले. एका काजळलेल्या चेहऱ्याखाली कोळसा फोडणाऱ्या हातांच्या सौंदर्याविषयी चार काव्यमय ओळी होत्या. आमच्यासोबतची विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, हे आमच्या बाजूच्या क्वार्टरमधले काका आहेत. पंप खलाशी होते ते. कोळसा त्यांनी कधी फोडलाच नाही.” ती ओळ लिहिणारे आमच्याच क्षेत्रातले होते, मराठीचे पदव्युत्तर होते. त्यांना शेजारी विचारायला वेळ नव्हता, आणि विचारावे असे वाटलेही नव्हते. खाणीतले पाणी अखंड उपसले नाही तर पाळीच उतरू शकत नाही. पंप खलाशाचे काम म्हणजे काय, हे जाणून घेतले असते तर चार काव्यमय ओळींपेक्षा पुष्कळ चांगले गद्य हाती लागले असते.

आम्ही ही गोष्ट सांगतो ती कोणाला लाजवण्यासाठी नव्हे. चित्राखालची ओळ हा शेवटी भाषेचा प्रांत आहे, आणि तो आपला आहे. कॅमेऱ्याचे तंत्र आपल्याला येत नसेल. पण ‘कामगार’ लिहायचे की ‘पंप खलाशी’, ‘मातीचा डोंगर’ लिहायचे की ‘अमुक खुल्या खाणीतून काढलेल्या मातीचा ढिगारा’, ‘विस्थापित’ लिहायचे की कोणत्या गावचा, कोणत्या प्रकल्पासाठी, कोणत्या वर्षी उठवला गेलेला माणूस, हा निर्णय शब्दांचा आहे. झरियाच्या जमिनीखाली १९१६ पासून आग धुमसत असल्याची नोंद आहे. तेथील चित्रांखाली नुसते ‘अग्नितांडव’ लिहिले की शंभर वर्षांचा खाणकामाचा इतिहास एका नैसर्गिक चमत्कारात विरघळतो. अशा शब्दांनी चित्राचा पुरावा नष्ट होतो, आणि ते नष्ट करणारे आपणच असतो.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. येत्या वर्षी ज्या विभागांतून विद्यार्थी वस्त्यांवर जातील, त्यांच्या मार्गदर्शकांनी ‘कॅमेरा कोणाच्या हाती होता’ हे विचारून थांबू नये. काय टिपायचे हे कोणी ठरवले, चित्राखालची ओळ चित्रातल्या माणसाला वाचून दाखवली का, त्याने ती बदलली का, प्रत त्याच्या घरी किंवा वस्तीच्या वाचनालयात पोचली का, आणि ‘हे चित्र नको’ असे म्हणणाऱ्या एकाचे तरी चित्र वगळले का, हे मौखिक परीक्षेत विचारावे. शेवटच्या प्रश्नाला ‘कोणी नको म्हणालेच नाही’ असे उत्तर आले, तर आमच्या मते विचारलेच गेले नव्हते असे समजावे आणि गुण त्याप्रमाणे द्यावेत.